न उचललेल्या फोनचा निरोप

धार आणि देवास ही माळव्यातील पवार घराण्याची संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली. परंतु तेथील अनेक घरांतून मराठी आजही बोलली जाते. या घरांतील मुलेमुली शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने इंदूर, पुणे, मुंबई आणि थेट अमेरिकेपर्यंत पोहोचली आहेत. देवासला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा झालेले असतात. नातू कामात असतो. आजीबाईंनी लावलेला फोन उचलला जात नाही. पलीकडून इंग्रजीत काही सूचना ऐकू येते, 'बीप' असा आवाज होतो आणि आजीबाई फोन ठेवून देतात. वास्तविक त्या आवाजानंतरच त्यांचे बोलणे नोंदवून घेण्यास आरंभ होणार असतो. नातवाला मिळतो तो केवळ दोन-तीन सेकंदांच्या शांततेचा निरोप!

या सोयीस व्हॉइसमेल म्हणतात. भारतात १९९२ मध्ये खासगी क्षेत्रास ज्या दूरसंचार सेवा खुल्या करण्यात आल्या, त्यांत तिचा समावेश होता. तथापि आपल्याकडे ती फारशी रुजली नाही. फुकटचा 'मिस्ड कॉल' हाच आपला निरोप ठरला, आणि २०१३ पासून व्हॉट्सॲपवर आवाजी संदेश पाठविता येऊ लागल्यावर तिची आठवणही मागे पडली.

पूर्वी असे निरोप ऐकण्यासाठी ठराविक क्रमांक फिरवून ते एकामागून एक ऐकावे लागत. २००७ मध्ये आलेल्या पहिल्या आयफोनने ही रीत पालटली. निरोपांची यादी पडद्यावर दिसू लागली; कोणाचा, केव्हा आलेला, किती लांबीचा, हे पाहून हवा तो निरोप आधी ऐकता येऊ लागला. हाच व्हिज्युअल व्हॉइसमेल.

आता तो चालतो कसा, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण बहुतेक अडचणी येथेच उगम पावतात. निरोप प्रथम आपल्या फोनमध्ये येत नाही. फोन उचलला नाही, व्यस्त असला वा रेंजबाहेर असला, की कंपनीची यंत्रणा तो कॉल दुसऱ्या क्रमांकाकडे वळविते. यालाच 'कॉल फॉरवर्डिंग' म्हणतात. तेथे कंपनीच्या संगणकावर बोलणे नोंदविले जाते. मग तो संगणक आपल्या फोनला एक छुपा एसएमएस धाडतो, आणि फोन इंटरनेटवरून निरोप उतरवून घेतो. कॉल वळविणे, नोंद व उतरविणे या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच यादी दिसते.

म्हणून प्रथम कंपनीकडे चौकशी करावी. ही सेवा प्रत्येक कंपनी वा प्रत्येक योजना देतेच असे नाही, आणि ती नसेल तर फोनमध्ये कितीही खटपट केली तरी व्यर्थ. चौकशीसाठी आपल्याच कंपनीच्या सिमवरून १९८ हा क्रमांक लावता येतो. सेवा असल्यास आयफोनवर 'फोन' उघडून 'व्हॉइसमेल' या खुणेवर जावे, पासवर्ड ठरवावा आणि स्वतःच्या आवाजात स्वागताचे दोन शब्द नोंदवावेत. ते मराठीत असण्यास काहीच हरकत नाही. अँड्रॉइड फोनवर 'फोन' ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'व्हॉइसमेल' असा भाग असतो. या वेळी वायफाय बंद ठेवून त्याच सिमचा मोबाइल डेटा चालू ठेवावा. दोन सिम असलेल्या फोनवर नेमकी हीच चूक होते : निरोप एका सिमचा आणि डेटा दुसऱ्याचा. खुणेवर बोट ठेवताच यादीऐवजी सरळ कॉल लागू लागला, तर साधी व्हॉइसमेल आहे, दृश्य यादीची सोय मिळालेली नाही, असे समजावे.

या सेवेचा एक गुण मात्र व्हॉट्सॲपमध्ये नाही. निरोप ठेवणाऱ्याजवळ स्मार्टफोन असण्याची गरज नसते. धार जिल्ह्यातील कुक्षी, डही या बाजूच्या डोंगराळ गावांतून मजुरीसाठी अनेक कुटुंबे गुजरातेत जातात. मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांनी साध्या बटणांच्या फोनवरून बोललेला निरोपही मुलाच्या फोनला रेंज येईपर्यंत कंपनीच्या संगणकावर थांबून राहतो.

परंतु कॉल वळविण्याच्या ज्या वाटेने निरोप येतो, त्याच वाटेने भामटेही येतात. कुरिअरचा माणूस वा कंपनीचा कर्मचारी असल्याची बतावणी करून ते २१ वा ४०१ या आकड्यांनी सुरू होणारा एखादा संकेत दाबावयास सांगतात. तो दाबला की आपले कॉल त्यांच्या क्रमांकाकडे वळतात, आणि बँकेचा ओटीपी फोनवर सांगितला जात असेल तर तोही. म्हणूनच केंद्राच्या दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ४०१ या संकेताद्वारे कॉल वळविण्याची सोय थांबविण्याचा आदेश दिला. दुसरा धोका पासवर्डचा. ०००० किंवा १२३४ असा मूळचा पासवर्ड तसाच राहिला, तर व्हॉइसमेलमध्ये पडलेला ओटीपी परका मनुष्यही ऐकू शकतो. शिक्षक व ग्रामसेवक यांनी या दोन गोष्टी गावसभेत अवश्य सांगाव्यात. सेवा वापरली न वापरली, तरी पहिला धोका प्रत्येक फोनधारकास आहे.

सर्व कॉल वळविले जात आहेत की काय, हे बहुतेक कंपन्यांच्या सिमवर *#२१# दाबून पाहता येते, आणि ##००२# दाबल्यास वळविण्याच्या सर्व सूचना रद्द होतात. मात्र त्याबरोबर व्हॉइसमेलकडे जाणारी वाटही बंद होते. ती कंपनीकडून पुन्हा सुरू करून घ्यावी लागते. पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आणि देवासच्या आजीबाईंनी 'बीप' ऐकल्यावर फोन ठेवू नये. आधी आपले नाव, मग काम, आणि पुन्हा कधी फोन करावा ती वेळ, भारतातील की तिकडची हे सांगून, एवढे बोलावे.