सहा मिलिमीटर

चेन्नईजवळचं आवडी म्हणजे रणगाड्यांचं गाव. इथल्या कामगारांना मिलिमीटरचं मोल शिकवावं लागत नाही. अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीतून बदलून आलेले एक मराठी मशिनिस्ट तरीही दातांच्या दवाखान्यात यायचं टाळत राहिले. दात साफ केले की हलतात, ही समजूत अंबरनाथला जितकी पक्की, तितकीच इथेही.

“ते आधीच हलत असतात, सार,” ते शेवटी आले तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या. मुळांभोवतीचं हाड झिजलेलं असतं. कीटणाने दात एकमेकांना जखडलेले असतात, म्हणून ते कळत नाही इतकंच.

मग मोजणी. खुणांची बारीक सळई हिरडीच्या फटीत, प्रत्येक दाताला सहा जागी. तीनपर्यंत ठीक. खालच्या मागच्या दाढेशी आकडा आला सहा. सहा मिलिमीटर खोल खिसा. ब्रशचा एकही केस तिथे पोचत नाही.

भूल दिल्यावर अल्ट्रासॉनिक स्केलर सुरू झाला. सेकंदाला २५ ते ३० हजार कंपनं, वर पाण्याचा फवारा. कीटणाच्या काळ्या कपच्या निघाल्या आणि साचलेल्या रक्ताचा कुबट वास खोलीभर पसरला.

यंत्र थांबलं तेव्हा बाईंचं खरं काम सुरू झालं. ग्रेसी क्युरेटचं पातं वाकडं असतं, धार एकाच बाजूला आणि दाताच्या प्रत्येक बाजूसाठी आकार निराळा. हिरडीखालचं काही दिसत नाही. बोटांना खरखर लागते तोवर ओढायचं, गुळगुळीत लागलं की थांबायचं. मशिनिस्टना हे लगेच पटलं: जॉबचं फिनिश तेही नख फिरवूनच बघतात.

संशोधनात यंत्र आणि हात यांचे परिणाम जवळपास सारखेच आढळले आहेत, यंत्राने वेळ वाचतो. बेल्जियममधल्या लुव्हेनच्या संशोधकांनी १९९५ मध्ये २४ तासांत सगळं तोंड साफ करायची पद्धत मांडली. पुढच्या आढाव्यांत टप्प्याटप्प्याच्या सफाईहून तिचा ठळक फायदा दिसला नाही. लेझरच्या जाहिराती मोठ्या असतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने मात्र २०१५ मध्ये या सफाईला बहुतेक लेझरांची जोड देण्याची शिफारस केली नाही. महागड्या झोताआधी अशी जाणती बोटं शोधावीत.

सहा आठवड्यांनी पुन्हा सळई. बहुतेक जागी तीन, चार. हिरड्या आवळल्या होत्या, दातांत फटी दिसत होत्या, गार पाणी झोंबत होतं. मागच्या दाढेशी मात्र अजून सहाच. मुळांच्या बेचक्यात पातं शिरत नव्हतं. आता हिरडी उघडावी लागणार होती.

“त्याआधी साखर तपासून या, सार,” बाईंनी चिठ्ठी लिहिली. “ती वाढलेली असेल तर हिरडी भरून यायला वेळ लागतो.”