फरशीचा साबण आणि उंदरांचे पिंजरे

1998चा ऑगस्ट. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट यांचा प्रयोग अचानक बिघडला. हंट उंदरांच्या माद्यांमधली स्त्रीबीजं तपासत होत्या. बिघाड सापडला तोही अशा माद्यांत, ज्यांना काहीच दिलेलं नव्हतं. त्या फक्त तुलनेसाठी ठेवलेल्या होत्या. बीज पक्व होताना गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी राहतात, मग त्यांची वाटणी होते. एरवी शंभरात एखाद-दोन बीजांत ही रांग विस्कटते. त्या वेळी प्रमाण 40 टक्क्यांवर गेलं होतं. वाटणी चुकलेल्या बीजातून माणसात बहुतेकदा गर्भपात होतो, कधी डाऊन सिंड्रोमचं मूल जन्मतं.

शोधाशोध बरीच चालली. कारण सापडलं ते धुण्याच्या जागी! बदली कामगारानं पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या फरशीच्या जहाल साबणानं धुतल्या होत्या. दोन्ही पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे काचेसारख्या टणक, पारदर्शक प्लास्टिकचे. साबणानं ते खराब झालं आणि त्यातून बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए, झिरपू लागलं. हंट यांनी मग मुद्दाम पिंजरे तसेच खराब करून पाहिले, उंदरांना मोजून बीपीएही दिलं. गुणसूत्रांची रांग पुन्हा मोडली. 2003 साली हे प्रसिद्ध झालं.

बीपीए इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाची नक्कल करतं हे मात्र तोवर जुनं झालं होतं. लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी 1936 सालीच ते दाखवलं होतं. त्यांना इस्ट्रोजेनसारखं औषध हवं होतं. बीपीए त्या कामी दुबळं निघालं. दोन वर्षांनी त्यांच्या हाती डीईएस हे औषध लागलं. ते गर्भपात टाळण्यासाठी लाखो गर्भवतींना दिलं गेलं आणि 1971 साली बोस्टनच्या डॉक्टरांना या मातांच्या तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा दुर्मिळ कर्करोग आढळला. नापास झालेलं बीपीए पुढे प्लास्टिकच्या धंद्यात गेलं आणि तिथं मोठं झालं.

नक्कल चालते कशी? पेशीला बँकेतला कारकून समजा. तो माणूस पाहत नाही, सही पाहतो. बीपीएची सही कच्ची आहे, बहुतेकदा ती नाकारली जाते. पण संप्रेरकांचा सारा व्यवहारच रक्तातल्या अतिसूक्ष्म मात्रांवर चालतो, त्यामुळे थोड्या खोट्या सह्या वटल्या तरी हिशेब बदलतो. आणि खातं गर्भातल्या बाळाचं असेल, तर ती नोंद आयुष्यभर खोडता येत नाही.

माणसाबद्दलचा पुरावा उंदरांइतका लख्ख नाही, कारण गर्भवतींना बीपीए पाजून कोणी प्रयोग करणार नाही. शिवाय ते काही तासांत लघवीवाटे निघून जातं. तरीही 2003-04 मध्ये सहा वर्षांवरच्या अमेरिकी लोकांची लघवी तपासली, तेव्हा 93 टक्के नमुन्यांत ते होतं. निघून जातं खरं, पण रोज नव्यानं येतंही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2023 साली त्याची सुरक्षित मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या अशाच संस्थेला हा आकडा पटलेला नाही, हेही सांगायला हवं. माझा कौल मात्र युरोपच्या बाजूनं आहे. शंकेचा फायदा रसायनाला का द्यायचा?

दरम्यान बाजारानं आपला तोडगा काढला: ‘बीपीए-फ्री’चं लेबल. यात बीपीएच्या जागी बऱ्याचदा त्याचाच चुलतभाऊ बीपीएस येतो. दुकानातल्या गुळगुळीत पावतीच्या कागदातही तो असतो. हंट यांच्या प्रयोगशाळेनंही पिंजरे बदलले, पॉलिसल्फोनचे आणले. तेही झिजले, त्यांतून बीपीएस झिरपलं आणि उंदरांच्या बीजपेशींत गडबड पुन्हा दिसली. ही हकीकत 2018 सालची. वीस वर्षांनी त्याच बाईंचा प्रयोग त्याच तऱ्हेनं नासला!

तेव्हा लेबल वाचण्यापेक्षा स्टीलचा डबा आणि काचेची बरणी बरी. गरम आमटी प्लास्टिकमध्ये ओतू नका, पावती लहान मुलांच्या हाती देऊ नका. आपल्याकडे 2015च्या भारतीय मानकानं बाळांच्या दुधाच्या बाटल्यांसाठी पॉलिकार्बोनेटवर बंदी घातली. ऑफिसात रोज येणाऱ्या वीस लिटरच्या पाण्याच्या जारला ते अजून चालतं.