बेघरांचे आरोग्य : पीएच.डी. संशोधनास साहाय्य कशासाठी?

देणगीतून औषधे, शस्त्रक्रिया व उपकरणे यांचा खर्च भागवला जातो, हे आपणांस परिचित आहे. मग बेघरांच्या आरोग्यावर पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यास पाठ्यवृत्ती कशासाठी द्यावी, असा प्रश्न काही हितचिंतक विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार, तर महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक बेघर नोंदले गेले. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. एका रात्रीच्या मोजणीतून बेघर किती, हे कळते. त्यांचे उपचार कोठे आणि का तुटतात, हे कळत नाही.

क्षयरोगाचेच उदाहरण घेऊ. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचे उपचार साधारणतः सहा महिने चालतात. शासकीय केंद्रांत औषधे मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात. परंतु पदपथावर राहणाऱ्या अनेकांजवळ ना खाते असते, ना कागदपत्रे, ना गोळ्या ठेवण्यास सुरक्षित जागा. मुक्काम हलला की आरोग्यसेवकास पत्ता लागत नाही. उपचार अर्धवट राहिल्यास जंतू औषधांना जुमानेनासे होण्याचा धोका असतो. रुग्णालयाच्या दप्तरी मात्र एवढीच नोंद उरते : 'रुग्ण पुन्हा आला नाही.'

या नोंदीच्या पुढे काय घडले, याचा शोध संशोधकाने घ्यावयाचा असतो. रात्रनिवारे, स्थानके व पदपथ येथे त्याच व्यक्तींना पुनःपुन्हा भेटून, त्यांचा विश्वास संपादन करून हे काम करावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.स किमान तीन वर्षे लागतात. एवढ्या काळात संशोधकाचा चरितार्थ व प्रवासखर्च पाठ्यवृत्तीतून चालतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बेघरांचा समावेश विशेष संरक्षणाची गरज असलेल्या गटांत आहे. म्हणून नैतिकता समितीची मान्यता व प्रत्येकाची समजून-उमजून दिलेली संमती अनिवार्य आहे. उपचार मिळणे हे संशोधनातील सहभागावर कधीही अवलंबून असता कामा नये.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. मात्र या सवलतीसाठी शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा दाखला लागतो. ज्यास पत्ताच नाही, त्याने तो कोठून आणावा? बेघरांची पात्रता ठरवण्याचा व्यवहार्य मार्ग अभ्यासातून हाती आला, तर रिकामी खाट योग्य रुग्णास मिळेल.

निर्धन रुग्ण निधी हा रुग्णांच्या उपचारांसाठीच आहे. त्यातील एक पैसाही पाठ्यवृत्तीकडे वळवला जाऊ नये, अशी आमची भूमिका आहे. यासाठी स्वतंत्र देणगीच हवी. तिचे फळ याच वर्षीच्या ताळेबंदात दिसणार नाही. परंतु अर्ध्यावर सुटलेले उपचार पूर्णत्वास नेण्याचा मार्ग त्यातून सापडू शकेल. या दीर्घ पल्ल्याच्या कार्यास आपला हातभार लागावा, ही नम्र विनंती.