ऑनलाइन सेलचा भाव दुकानदार देईल का? कॉम्प्युटरचे पार्ट घेताना काय विचाराल?

स्क्रीनवरचा आकडा आणि दुकानातला आकडा यांची थेट तुलना होत नाही. बँकेची सवलत, बिल आणि वॉरंटी बाजूला काढली की खरा फरक किती उरतो, सोप्या भाषेत

अहिल्यानगर असो, संगमनेर असो की कोपरगाव. सेल सुरू झाला की कॉम्प्युटरच्या दुकानात एक संवाद हमखास ऐकू येतो. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मोबाइल पुढे करतो. "भाऊ, ऑनलाइन २० हजाराला आहे, तुम्ही २२ हजार ८०० सांगताय." दुकानदार स्क्रीनकडे न बघताच म्हणतो, "मग तिकडूनच मागवा." विषय तिथेच संपतो.

खरे तर दोघांचेही नुकसान होते. विद्यार्थ्याला दोन पैसे कमी पडले असते, दुकानदाराचे गिऱ्हाईक टिकले असते. अडचण असते ती चुकीचा आकडा मागितल्याची.

दुकानदारावर बंधन आहे का?

नाही. वैधमापन कायद्याच्या २०११ मधील नियमांनुसार पाकिटावर छापलेली एमआरपी ही कमाल किंमत आहे. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्याखाली कितीला विकायचे, हे दुकानदार ठरवतो. ऑनलाइन भाव दाखवला म्हणून तो देण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही.

अपवाद एकच. दुकानाने "कमी भाव दाखवा, तेवढ्यालाच देऊ" अशी जाहिरात केली आणि नंतर शब्द फिरवला, तर ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार त्याबद्दल दाद मागता येते.

परदेशात देतात, मग इथे का नाही?

अमेरिकेतील 'बेस्ट बाय' या दुकानांच्या साखळीचे भाव जुळवून देण्याचे लेखी धोरण आहे. पण त्यातली एक अट महत्त्वाची आहे. ॲमेझॉनने स्वतः विकलेल्या वस्तूचा भाव जुळवला जातो. ॲमेझॉनवर दुकान मांडलेल्या इतर विक्रेत्यांचा नाही.

भारतात परदेशी गुंतवणुकीच्या नियमांमुळे अशा मोठ्या ऑनलाइन बाजारांना स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही. तिथला माल वेगवेगळ्या विक्रेत्यांचा असतो. म्हणजे अमेरिकेतली अट इथे लावली, तर जुळवायला जवळपास काहीच उरत नाही. आपल्याकडे छापील धोरणाऐवजी घासाघीस चालते, ती यामुळेच. तीही करायची तर आधी आकडे सुटे करावे लागतात.

२० हजारांचे गणित सोडवून बघू

वरचेच उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत.

• ग्राफिक कार्डाचा ऑनलाइन भाव : २१,५०० रुपये
• ठरावीक बँकेच्या कार्डावर सवलत : १,५०० रुपये
• स्क्रीनवर ठळक दिसणारा आकडा : २०,००० रुपये
• दुकानातला भाव : २२,८०० रुपये

फरक दिसतो २,८०० रुपयांचा. पण १,५०० रुपयांची सवलत ठरावीक कार्डापुरती आहे, वस्तूच्या भावात ती नाही. ते कार्ड तुमच्याकडे नसेल, तर तो आकडा तुमच्यासाठीही खोटाच. ही सवलत ईएमआयवरच असेल, तर प्रक्रिया शुल्क आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी वेगळा लागू शकतो.

म्हणून दुकानात मागायचा आकडा २० हजार नव्हे, २१,५०० आहे. खरा फरक १,३०० रुपयांचा. एवढ्यावर बोलणी होऊ शकतात. २,८०० वर बहुधा होत नाहीत, कारण अनेकदा दुकानदाराची स्वतःची खरेदीच २० हजारांच्या वर असते.

मॉडेल एकच आहे ना?

पार्टमध्ये नाव सारखे आणि माल वेगळा, असे सर्रास होते. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० घ्या. ८ जीबीच्या मूळ कार्डात २,५६० कोअर आहेत. २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २,३०४. म्हणजे फक्त मेमरी कमी नाही, कार्डाची ताकदही कमी आहे. रॅममध्ये डीडीआर ४ की ५ आणि वेग किती, हे बघावे लागते. एसएसडीत तीच क्षमता असूनही वेगात मोठी तफावत असते.

त्यामुळे "१ टीबी एसएसडी केवढ्याला?" असे विचारू नका. बॉक्सवरचा पूर्ण मॉडेल नंबर पाठवा. तो मिळाला की दुकानदार वितरकाला फोन करून त्या दिवसाचा भाव विचारू शकतो. सेलच्या काळात कंपन्या काही वेळा डीलरलाही खास दर देतात. पण तो मॉडेलनुसार असतो. काउंटरवर उभे राहून पाच मिनिटांत उत्तर मागण्यापेक्षा आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर विचारलेले बरे.

वॉरंटी कोणाची?

स्वस्त दिसणाऱ्या पार्टवर कधी कंपनीची नव्हे, तर विक्रेत्याची वॉरंटी असते. काही माल बाहेरच्या देशातून थेट आणलेला असतो. इंटेलने २०१६ मध्ये असे धोरण आणले, की भारतात बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी इथल्या अधिकृत वितरकांकडून आलेल्या मालालाच मिळेल. त्याविरुद्ध तक्रार झाली आणि भारतीय स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला. ग्राहकाने घ्यायचा बोध असा, की डबा सारखा असला तरी हक्क सारखे असतीलच असे नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा मुद्दा जास्त जाणवतो. क्षेत्रफळाने राज्यातला हा सर्वात मोठा जिल्हा. एखाद्या ब्रँडचे सेवा केंद्र पुण्यात असेल, तर शहरापासून ते सुमारे १२० किलोमीटर. एका फेरीत वाचवलेले पैसे भाड्यातच जातात. म्हणून भाव पूर्ण जुळला नाही, तरी "पार्ट बिघडला तर तुम्ही जमा करून घ्याल का?" हे विचारा. हो म्हणाले, तर तसे बिलावर लिहून घ्या. त्याची किंमत ३००-४०० रुपयांपेक्षा नक्कीच जास्त आहे.

"बिल नको असेल तर कमी करतो"

हा सगळ्यात महागात पडणारा सौदा. २२ हजारांच्या पार्टमध्ये १८ टक्के दराने जीएसटी साधारण ३,३५६ रुपये असतो. त्यातले हजार-दीड हजार सोडायला काही जण तयार होतात. पण बिल नसेल तर वॉरंटीचा पुरावा नाही आणि तक्रारीचाही नाही.

कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी लावून ही जबाबदारी टळत नाही.

घरच्या दुकानाची किंवा व्यवसायाची जीएसटी नोंदणी असेल आणि पीसी त्याच कामासाठी असेल, तर बिलावर नंबर टाकून घ्या. तो कर वळता करून घेता येतो. काही वेळा नेमका याच रकमेमुळे दुकानातला सौदा परवडतो.

रॅमचा भाव रोज का बदलतो?

एआयच्या डेटा सेंटरना मेमरी चिपची मोठी गरज लागत असल्याने २०२५ च्या अखेरीस रॅम आणि एसएसडी महागले. मायक्रॉन कंपनीने ३ डिसेंबर २०२५ रोजी आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचे जाहीर केले. अशा काळात गेल्या आठवड्याचा स्क्रीनशॉट दुकानदार मानत नाही, आणि त्यात त्याचे चूक नाही. मात्र त्याच्याकडे आधी भरलेला माल असेल, तर दुकानातला भाव ऑनलाइनपेक्षा कमीही निघू शकतो. म्हणून विचारल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

काउंटरवर काय बोलाल?

• "ऑनलाइन एवढ्याला आहे" ऐवजी "भाऊ, कार्डाची सवलत सोडून २१,५०० आहे. बिलासकट तुमचे फायनल किती?"
• पैसे यूपीआयने देणार असाल तर आधीच सांगा. क्रेडिट कार्डावर दुकानदाराला बँकेचे शुल्क पडते; बँक खात्यातून केलेल्या साध्या यूपीआय व्यवहारावर जानेवारी २०२० पासून ते नाही.
• पूर्ण पीसी घेणार असाल, तर एकेका पार्टवर भांडू नका. सगळी यादी द्या आणि एकूण रकमेवर बोला. कॅबिनेट, एसएमपीएस, जोडणी यांत सवलतीला जागा असू शकते.
• भाव कमी होत नसेल तर जोडणी किंवा विंडोज टाकून देण्याचे शुल्क माफ करून मागा.
• ठरलेला भाव किती दिवस चालेल, हे कोटेशनवर लिहून घ्या.

फसवणूक झाली तर?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिथे तोडगा निघाला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करण्याची सोय दिली आहे. म्हणजे पार्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला असो की बंगळुरूच्या विक्रेत्याकडून मागवलेला. जामखेड किंवा अकोल्याच्या ग्राहकाला अहिल्यानगरच्याच आयोगाकडे जाता येते. सोबत बिल मात्र हवे.