हवाई रायफलीचा लाकडी दस्ता : यवतमाळ जिल्ह्यातील लाकूड, हवामान आणि नेमबाजाचे शरीरमान

प्रस्तावना :

नेमबाजीच्या क्षेत्रात महाराष्ट्राने गेल्या तीन दशकांत स्वतःचे स्थान निर्माण केले आहे. अंजली भागवत यांनी 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये 10 मीटर हवाई रायफल प्रकाराची अंतिम फेरी गाठली. सुमा शिरूर यांनी 2004 मध्ये क्वालालंपूर येथील आशियाई स्पर्धेत 400 पैकी 400 गुण मिळविले. रुद्रांक्ष पाटील यांनी 2022 मध्ये कैरो येथे याच प्रकारात विश्वविजेतेपद पटकावले. मात्र तालुक्याच्या ठिकाणी या खेळाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा साधी स्प्रिंगची रायफल येते. तिचा दस्ता एका सरासरी प्रौढ माणसाच्या मापाचा असतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला तो लांब पडतो, गाल नीट टेकत नाही आणि मान वाकडी करून नेम धरण्याची सवय जडते. ही सवय पुढे मोडणे कठीण असते. हवे तसे जुळवून घेता येणारे धातूचे दस्ते असलेल्या परदेशी स्पर्धा-रायफलींची किंमत लाखांच्या घरात जाते. त्यामुळे मापानुसार घडविलेला लाकडी दस्ता हा सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यातील पर्याय ठरतो. यवतमाळसारख्या सागवानाच्या जिल्ह्यात असा दस्ता कसा घडविता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दस्त्याचे कार्य :

नळी आणि चापाची यंत्रणा रायफलीचे काम करतात. दस्ता ती यंत्रणा माणसाच्या शरीराशी जोडतो. खांदा, गाल, चापाचा हात आणि आधाराचा हात या चार ठिकाणी शरीराचा रायफलीशी संबंध येतो. 10 मीटर प्रकारात लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका केवळ 0.5 मि.मी. व्यासाचा असतो. म्हणून प्रत्येक वेळी डोळा, मागची माशी आणि पुढची माशी एकाच रेषेत, स्नायूंवर ताण न देता येणे आवश्यक असते. ही सहजता दस्त्याच्या मापातून येते.

मापे घेण्याची पद्धत :

पहिले माप चापापासून खांदापट्टीपर्यंतच्या लांबीचे होय. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवावे. तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोहोचले तर लांबी ढोबळमानाने योग्य समजावी. दुसरे माप गालाच्या टेकूच्या उंचीचे. नेमबाजाने डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. नजर माशीच्या वर गेली तर टेकू उंच आहे, खाली राहिली तर ठेंगणा आहे. तिसरे माप मुठीच्या जाडीचे व कोनाचे असते. मनगट पिळले जाऊ नये आणि तर्जनी चापावर सरळ मागे ओढली जावी, हा त्याचा निकष होय. ही मापे नेहमीच्या सरावाचा पोशाख घालूनच घ्यावीत, कारण जाड जाकिटाने लांबीत फरक पडतो. वाढत्या वयाच्या मुलांसाठी दस्ता थोडा आखूड ठेवून खांदापट्टीखाली पातळ फळ्या वाढविण्याची सोय करावी.

लाकडाची निवड :

दस्त्यासाठी जगभर अक्रोडाला पसंती दिली जाते. ते मध्यम वजनाचे, चिवट आणि आकारमान टिकविणारे लाकूड आहे. यवतमाळ जिल्ह्यात अक्रोड नाही. परंतु सागवान, शिवण, हळदू, बीजा, शिसव आणि धावडा या जाती येथील सुताराच्या परिचयाच्या आहेत. धावडा चिवट असल्यामुळे कुऱ्हाडीच्या दांड्याला उत्तम, पण दस्त्याला फार जड. साधारण 2,000 घन सें.मी. आकारमानाचा दस्ता धरल्यास तो शिवणीचा सुमारे 1 किलो, सागवानाचा 1.3 किलो आणि शिसवाचा 1.7 किलो भरतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हवाई रायफलीचे एकूण वजन 5.5 किलोपेक्षा अधिक असता कामा नये. नवोदितांसाठी मात्र त्याहून बरीच हलकी रायफल इष्ट ठरते.

सागवानाचे मोठे गुण म्हणजे ते कमी आकसते आणि त्याला सहसा कीड लागत नाही. दोषही लक्षात घ्यावे लागतात. त्यातील वाळूसारख्या सूक्ष्म कणांमुळे पटाशी व रंध्याची धार लवकर जाते. नैसर्गिक तेलामुळे सरस नीट धरत नाही, म्हणून जोडाची जागा आधी स्पिरिटने पुसून घ्यावी लागते. त्याचा भुसा त्वचेला व श्वसनाला त्रासदायक असल्याने तोंडाला फडके बांधून काम करावे. लाकूड शासकीय आगाराच्या लिलावातील किंवा पावती देणाऱ्या वखारीतीलच असावे.

हवामान आणि लाकडाची हालचाल :

या जिल्ह्यात दस्ता घडविताना खरी कसोटी हवामानाची आहे. मे महिन्यात तापमान 45 अंशांच्या घरात जाते आणि दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. पावसाळ्यात तीच हवा ओलाव्याने भरते. हवेतील सापेक्ष आर्द्रता 25 टक्के असताना लाकडातील ओलावा 5 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, तर 80 टक्के असताना तो 15-16 टक्क्यांपर्यंत चढतो. सागवान वार्षिक वलयांच्या दिशेने, ओलाव्यातील प्रत्येक टक्क्यामागे सुमारे 0.18 टक्के फुगते किंवा आकसते. म्हणजे 50 मि.मी. रुंदीच्या भागात दोन टोकांच्या ऋतूंमध्ये 0.9 मि.मी.पर्यंत फरक पडू शकतो. वलयांना छेद देणाऱ्या, म्हणजे गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत हा फरक जवळपास निम्मा असतो. तेल दिलेल्या दस्त्यात ही हालचाल मंदावते, पण थांबत नाही. तिच्यामुळे यंत्रणेचे स्क्रू सैल होतात किंवा लाकूड नळीला एका बाजूने दाबू लागते आणि उन्हाळ्यात जुळविलेला नेम पावसाळ्यात ढळतो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, लाकूड पुरते वाळविणे. 25 मि.मी. जाडीला एक वर्ष असा सुतारांचा ठोकताळा आहे. दस्त्याचा ठोकळा 60 मि.मी. जाड असल्याने त्याला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावून तो सावलीत, खाली पट्ट्या देऊन ठेवावा. दरमहा वजन करावे; वजन घटणे थांबून ते केवळ ऋतूप्रमाणे थोडे वरखाली होऊ लागले की लाकूड तयार झाले असे समजावे. दुसरा उपाय, ज्या फळीत वलये रुंदीला उभी छेदतात अशी फळी निवडणे. तिसरा, स्क्रूच्या छिद्रात ॲल्युमिनियमची नळकांडी बसविणे, म्हणजे यंत्रणा लाकडावर न आवळता धातूवर आवळली जाते.

घडविण्याचे टप्पे :

प्रथम ठोकळ्यावर आराखडा आखावा. मुठीच्या अरुंद भागातून लाकडाचे धागे मुठीच्या दिशेनेच जातील, याची दक्षता घ्यावी. धागे आडवे आले तर दस्ता नेमका तेथेच तुटतो. ठोकळ्याच्या बाजू सरळ असतानाच यंत्रणेची बैठक कोरावी, कारण बाहेरचा आकार दिल्यावर मध्यरेषा सापडणे कठीण जाते. रायफल रिकामी असल्याची खात्री करूनच यंत्रणा सुटी करावी. तिच्या तळाला दिव्याची काजळी लावून ती बैठकीत दाबावी. जेथे काळा डाग उमटेल तेवढेच लाकूड पटाशीने काढावे. डाग सर्वत्र सारखा उमटेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. नळी मोडून हवा भरण्याच्या रायफलीत पुढच्या भागाची खाच दांड्याच्या हालचालीला पुरेशी मोकळी असावी. त्यानंतर करवत, रंधा व कानशीने बाह्य आकार द्यावा. गालाचा टेकू व मूठ शेवटी, नेमबाजाला समोर उभे करून, थोडे थोडे तासावे. पॉलिश पेपरने घासून झाल्यावर उकळलेल्या जवस तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन, चढवावेत. बैठकीच्या आतील बाजूसही तेल द्यावे. कोरे लाकूड तेथूनच ओलावा शोषते.

कायदेशीर मर्यादा :

शस्त्र नियम, 2016 नुसार 20 ज्यूलहून अधिक शक्तीच्या किंवा 4.5 मि.मी.हून अधिक व्यासाच्या हवाई शस्त्रांना परवाना लागतो. दस्ता बदलल्याने रायफलीची शक्ती बदलत नाही. स्प्रिंग किंवा नळीत मात्र कोणताही फेरफार करू नये.

निष्कर्ष :

दस्त्याची गुणवत्ता लाकडाच्या प्रतिष्ठेवर अवलंबून नसते. अचूक माप, पुरती वाळवण आणि धाग्यांची योग्य दिशा यांना प्राधान्य आहे; जातीची निवड त्यानंतर येते. पुरता न वाळलेला अक्रोड जिथे दगा देईल, तिथे नीट वाळविलेले सागवान किंवा शिवण टिकून राहील. हे काम करण्यासाठी लागणारी अवजारे व लाकडाची जाण येथील सुतारांकडे आहे. शरीरमानाचे ज्ञान क्रीडाशिक्षकांकडे आहे. महाविद्यालयांनी या दोघांना एकत्र आणल्यास, महागडी रायफल परवडत नाही एवढ्याच कारणाने एखादा होतकरू नेमबाज मागे पडणार नाही.