सदनिका, सायकल आणि सुजाण ग्राहक

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जात असे. कारखान्यातील कामगार, कचेरीतील कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक या सर्वांचे वाहन एकच होते. वाड्याच्या दिंडी दरवाजातून सायकल आत घ्यावी आणि चौकातील भिंतीला टेकवून ठेवावी, हा घराघरांतील नित्यक्रम होता. १९७२ मध्ये ‘लूना’ बाजारात आली. त्यापाठोपाठ स्कूटर व मोटारसायकली मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या आणि वाड्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. सायकल चौकातून जिन्याखाली गेली आणि पुढे अनेक घरांत जिन्याखालून भंगारात गेली.

तथापि सदनिकेत राहून दैनंदिन कामांसाठी सायकल वापरणारा नागरिक शहरातून नाहीसा झालेला नाही. त्याच्याकडे केवळ व्यायामाची आवड असलेला मनुष्य म्हणून पाहणे अपुरे ठरेल. कोणते दुकान निवडावे, किती जिन्नस घ्यावेत, मोडलेली वस्तू दुरुस्त करावी की टाकून द्यावी आणि सुटीचा दिवस कसा घालवावा, या सर्व गोष्टींवर त्याच्या वाहनाचा परिणाम होत असतो. काटकसर, आरोग्य आणि शेजारच्या बाजारपेठेचे हित त्याच्या जीवनक्रमात सहज एकत्र येते. मात्र हा जीवनक्रम टिकविणे सर्वस्वी त्याच्या हाती नसते.

सायकलीची निवड

सायकल घेताना पहिला विचार उपयोगाचा करावयास हवा. ताशी १५ किलोमीटर वेगाने पाच किलोमीटर अंतर वीस मिनिटांत कापता येते. शहरातील कचेरी, शाळा वा मंडई अनेकांच्या बाबतीत याच टप्प्यात असते. त्यासाठी अनेक गिअरची महागडी सायकल लागतेच असे नाही. मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड आणि घंटी असलेली साधी सायकल सपाट रस्त्यावर पुरेशी ठरते. वाटेत चढ असल्यास मोजके गिअर उपयोगी पडतात.

दुसरा विचार मापाचा होय. फ्रेमच्या दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यास दोन्ही पावले जमिनीवर टेकली पाहिजेत. सीटवर बसून पायडल सर्वांत खाली नेल्यावर गुडघ्यात किंचित वाक राहावा. माप चुकल्यास गुडघे व पाठ दुखू लागते आणि सायकल लवकरच कोपऱ्यात पडते. पुढे पांढरा दिवा, मागे तांबडा दिवा आणि चाकांना रिफ्लेक्टर या गोष्टी शोभेच्या नसून जीवरक्षणाच्या आहेत.

ज्यांना वय वा चढ यांमुळे पायडल मारणे कठीण जाते, त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणाऱ्या सायकली उपलब्ध आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या अशा वाहनास, अन्य विहित अटी पूर्ण होत असल्यास, नोंदणीची आवश्यकता नसते. विक्रेता केवळ तोंडी हमी देत असेल, तर मान्यतेचे कागद पाहिल्याशिवाय खरेदी करू नये.

कॅरिअरच्या मापाची खरेदी

मोटारीतून जाणारा ग्राहक महिनाभराचा माल एकदम भरून आणू शकतो. सायकलस्वाराला कॅरिअरवर आणि हँडलच्या पिशवीत मावेल तेवढेच आणता येते. ही मर्यादा वरवर अडचणीची वाटली, तरी तिचे लाभ पुष्कळ आहेत. तो भाजी दोन-तीन दिवसांची घेतो. त्यामुळे ती ताजी मिळते, सडून वाया जात नाही आणि लहान कुटुंबास मोठ्या शीतकपाटाची गरजही भासत नाही. त्याची खरेदी जवळच्या वाणसामानाच्या दुकानात आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे होते. घरून नेलेली कापडी पिशवी हा त्याच्या सवयीचा भाग असतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यानंतर ही सवय सर्वांनाच लावून घ्यावी लागली.

थोडे घेणारा ग्राहक महागात पडतो, असा एक समज आहे. तो नेहमीच खरा नसतो. आवेष्टित वस्तूंच्या वेष्टनावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. शिवाय दर ग्रॅम, दर किलो वा दर लिटर अशी एकक किंमतही देण्याची तरतूद झाली आहे. लहान व मोठ्या पुड्यावरील या दोन आकड्यांची तुलना केली, म्हणजे मोठा पुडा खरोखर स्वस्त आहे की केवळ तसा भासतो, हे कळते. घरात साठून जुन्या झालेल्या मालाचे नुकसान या हिशेबात धरले, तर थोडी पण नियमित खरेदी पुष्कळदा फायद्याची ठरते.

दुरुस्ती आणि छंद

सायकल हे यंत्र उघडे आहे. चेन, फ्रीव्हील, ब्रेक, तारा हे सर्व भाग डोळ्यांना दिसतात आणि त्यांचे कार्य पाहून समजते. टायरमध्ये किती हवा भरावी, याचा आकडा टायरच्या बाजूवरच असतो. चेन पुसून तिला तेल देणे, ब्रेकच्या तारेचा ताण जमविणे आणि पंक्चर काढणे ही कामे थोड्या सरावाने घरी करता येतात. पावसाळ्यात रिम ओली झाली की रबरी ब्रेक उशिरा लागतो, हे जाणणारा मनुष्य वेग आधीच कमी करतो. जो सायकल दुरुस्त करू लागतो, तो घरातील पंखा वा मिक्सर टाकून देण्यापूर्वीही एकदा दुरुस्तीचा विचार करतो. अशा ग्राहकांवरच चौकातील सायकल दुकानदाराचा आणि अन्य कारागिरांचा उदरनिर्वाह चालतो.

सदनिकेत जागा मर्यादित असल्याने छंदही जागेच्या मापाने जोपासावे लागतात. ओल्या कचऱ्याचे खत करून गच्चीत वा सज्जात भाजी लावणे हा त्यातील एक. सायकलभ्रमण हा दुसरा. रविवारी पहाटे खडकवासला वा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाणारे सायकलस्वार पुण्यात नित्य दिसतात. अधिक तयारीचे लोक ‘ब्रेव्हे’ नावाच्या दीर्घ पल्ल्याच्या फेऱ्यांत भाग घेतात. त्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरसाठी ४० तास अशी मुदत असते. ही शर्यत नव्हे, कारण येथे क्रमांक काढले जात नाहीत. ठरलेल्या वेळेत अंतर पुरे करणारा प्रत्येक जण यशस्वी मानला जातो.

ग्राहकाचे हक्क

खरेदीची पावती व हमीपत्र जपून ठेवणे आणि फ्रेमवर कोरलेला क्रमांक टिपून ठेवणे, ही दोन साधी कामे अनेकजण करीत नाहीत. सायकल चोरीस गेल्यास तिची ओळख त्या क्रमांकावरूनच पटविता येते, तर फ्रेम सदोष निघाल्यास पावती हाच पुरावा ठरतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. त्यानुसार ग्राहक आपण राहतो वा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल करू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी त्यास शुल्क पडत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाद मागणे मात्र आवश्यक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

जिन्याखालची जागा आणि रस्त्याची कड

येथवर सांगितलेल्या निवडी व्यक्तीच्या आहेत. परंतु रोज संध्याकाळी सायकल तीन मजले उचलून न्यावी लागत असेल, तर उत्साही मनुष्यही महिनाभरात कंटाळतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात उघड्या पार्किंगच्या जागेचा समावेश सामाईक क्षेत्रात केलेला आहे. तेथे एका मोटारीच्या जागेत कित्येक सायकली कुलूप लावून उभ्या करता येतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेने तसा ठराव करून एक लोखंडी स्टँड बसविला, तरी प्रश्नाचा अर्धा भाग सुटतो.

उरलेला अर्धा भाग रस्त्याचा आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने पादचारी व सायकलस्वार यांना महत्त्वाचे स्थान दिले. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच वर्षाच्या अखेरीस भाड्याच्या सायकलींची सार्वजनिक योजनाही सुरू झाली. मोडतोड आणि सुट्या भागांची चोरी यांनी ती ग्रासली आणि काही वर्षांतच रस्त्यावरून त्या सायकली दिसेनाशा झाल्या. मार्ग सलग नसेल, त्यावर वाहने उभी राहत असतील आणि सार्वजनिक वस्तूबद्दल आपुलकी नसेल, तर उत्तम आराखडाही कागदावरच राहतो, हा त्यातील धडा होय.

हा प्रश्न केवळ महानगरांपुरता नाही. शहरांच्या सीमेवरील गावांत सदनिका झपाट्याने उभ्या राहत आहेत. नवा रस्ता वा गटार आखतानाच कडेला सायकलीपुरती सलग व सुरक्षित पट्टी राखणे ग्रामपंचायतीस तुलनेने सोपे असते. रस्ता बांधून झाल्यावर तीच जागा मिळविणे अवघड जाते. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर ग्रामीण भागातील मुली शाळेत येतात. त्या सायकलींची हवा, ब्रेक आणि चेन कशी तपासावी, हे शिक्षकांनी वर्षातून एकदा मैदानावर शिकविले, तरी वाटेतील खोळंबा टळेल आणि मुलींचा आत्मविश्वास वाढेल.

सायकल घेणे हा एका घराचा निर्णय असतो. ती सुरक्षितपणे ठेवता यावी आणि निर्भयपणे चालविता यावी, यासाठीचा निर्णय मात्र सोसायटीच्या सभेत, ग्रामसभेत आणि नगरपालिकेच्या सभागृहात घ्यावा लागतो. तो वेळेवर घेतला गेला, तर जिन्याखाली गंजत पडलेल्या अनेक सायकली पुन्हा रस्त्यावर धावू लागतील.