दर दोन तासांनी कूस

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात काकांजवळ रात्री थांबायचो, तेव्हा हे काम जवळून पाहिलं. एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला मावशी. पेशंटखालची आडवी चादर दोघी मुठीत गुंडाळतात आणि एकदम उचलतात. ओढत नाहीत, ओढलं की कातडी सोलवटते. मग पाठीशी उशी, गुडघ्यांच्या मधे उशी, टाचा अधांतरी. सिस्टर माकडहाडाजवळची लाल जागा बोटाने दाबते. बोट काढल्यावर ती क्षणभर पांढरी पडली तर ठीक. लाली हललीच नाही तर व्रणाची सुरुवात झालेली असते. चादरीला एक चुणी राहू देत नाहीत. तेवढं झालं की पुढची खाट.

1926 साली गिरणगावात उभ्या राहिलेल्या या पालिका रुग्णालयाची ओळख सांगताना मोठी नावं येतात, आणि ती यावीतच. डॉ. जीवराज मेहता इथले डीन होते. 1968 साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण इथे केलं. त्या सालानंतर पुन्हा तसं प्रत्यारोपण इथे व्हायला जुलै 2024 उजाडला. 1986 साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली.

माझ्या लेखी मात्र केईएमचं सर्वांत मोठं काम वॉर्ड क्रमांक 4 मध्ये झालं. 27 नोव्हेंबर 1973 रोजी इथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच पाशवी हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. 18 मे 2015 रोजी त्या गेल्या. मधली साडेएक्केचाळीस वर्षं त्यांना भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं परिचारिकांनी केलं. तोवरच्या इतक्या वर्षांत अंगावर एक शय्याव्रण नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात घेतली. त्या निकालाने निष्क्रिय दयामरणाची वाट कडक अटींवर खुली केली. अरुणांसाठीची याचिका मात्र फेटाळली, आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला.

हे भावनेच्या बळावर झालं असं म्हणणं मला अपुरं वाटतं. भावना तीन पाळ्यांत चार दशकं टिकत नाही, शिस्त टिकते. अरुणांबरोबर काम केलेल्या सिस्टर केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. अखेरच्या वर्षांत अरुणांची कूस बदलणाऱ्या कित्येकींचा 1973 साली जन्मही झालेला नव्हता.